उधारीच्या वहीतून उभा राहिलेला पक्ष : अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या 'पीपल्स पार्टी'चा उदय आणि अस्त

धागाकर्ता : काळी जमीन

माझे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि नोकरीनिमित्त मी गेली बारा वर्षे डॅलसजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी मध्य टेक्सासमधल्या एका लहान गावच्या संग्रहालयात मी किराणा दुकानाची एक जुनी वही पाहिली. काचेखाली उघडून ठेवलेल्या पानावर एकाच शेतकऱ्याचे वर्षभराचे खाते होते. मार्चपासून पुढे पीठ, खारवलेले मांस, कॉफी, रॉकेल, नांगराचा फाळ, लहान मुलाचे बूट अशा उचलीच्या नोंदी एकाखाली एक उतरत गेल्या होत्या. नोव्हेंबरात कापसाच्या गाठींची एकच जमा होती, आणि तिच्याखाली उरलेली रक्कम मागील बाकी म्हणून पुढच्या पानावर ओढली होती. त्या ओढलेल्या बाकीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो, कारण असेच एक पान मी लहानपणी आजोबांच्या ट्रंकेत पाहिले होते.

त्या दिवसापासून मी १८७७ ते १८९६ या काळातल्या अमेरिकी शेतकरी चळवळीबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. सर्वसाधारण माहितीत ही चळवळ म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे शिकागोचे भाषण आणि सोने विरुद्ध चांदी, म्हणजे चलन फक्त सोन्यावर उभे असावे की चांदीवरही, हा वाद, एवढेच उरलेले असते. मला मात्र असे वाटू लागले आहे की ही चळवळ मुळात उधारीच्या पद्धतीविरुद्ध उभी राहिली, सहकाराच्या प्रयत्नांतून वाढली, आणि चांदीच्या एकाच मागणीपुरती ती उरली तोपर्यंत तिच्यातला जीव बराचसा निघून गेला होता. हे म्हणणे जाणकारांनी तपासून पाहावे, यासाठी हा धागा काढला आहे.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांत बँका जवळजवळ नव्हत्या आणि रोकडही नव्हती. शेतकऱ्याला बी-बियाणे आणि अन्न उधार देणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गावचा दुकानदार. तारण म्हणून तो न पेरलेल्या पिकावर हक्क लिहून घेई. दुकानात प्रत्येक वस्तूचे दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक उधारीचा; उधारीच्या चढ्या भावावर पुन्हा व्याज लागे. एकदा पिकावर हक्क लिहून दिला की शेतकऱ्याला दुसऱ्या दुकानात पत उरत नसे. दुकानदार कापूसच पेरायला लावी, कारण कापूस कुठेही विकला जातो. सगळ्यांनी कापूस पेरला की भाव पडे आणि बाकी वाढे. १८९४ मध्ये कापूस पौंडाला पाच सेंटांच्याही खाली गेला. या चक्रातून गोरा शेतकरी सुटला नाही आणि नुकताच गुलामगिरीतून मुक्त झालेला काळा शेतकरी तर त्यात पहिल्या दिवसापासून बांधला गेला.

१८७७ मध्ये टेक्सासच्या लॅम्पासस परगण्यात काही शेतकरी एकत्र आले. चुकार गुरे शोधणे, घोडेचोरांचा बंदोबस्त करणे आणि एकत्र खरेदी करणे असे त्यांचे साधे हेतू होते. पुढे तीच 'फार्मर्स अलायन्स' झाली. १८८४ मध्ये एस. ओ. डॉज यांना फिरता व्याख्याता म्हणून नेमले गेले आणि तिथून संघटनेचे रूप पालटले. व्याख्याता गावोगाव जाई, शाळेच्या खोलीत किंवा झाडाखाली सभा घेई, कंदिलाच्या उजेडात उधारीचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवी आणि गाव सोडण्यापूर्वी तिथे शाखा उभी करून जाई. १८८६ मध्ये क्लीबर्न येथील अधिवेशनात संघटनेने पहिल्यांदा राजकीय मागण्या मांडल्या. त्यावर फूट पडायची वेळ आली आणि ती टाळली चार्ल्स मॅक्यून यांनी.

मॅक्यून हा माणूस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त विचार करायला लावतो. त्यांनी डॅलसमध्ये राज्यभराच्या शेतकऱ्यांचे मध्यवर्ती खरेदी-विक्री केंद्र, म्हणजे 'एक्सचेंज', सुरू केले. सभासदांनी सामुदायिक जबाबदारीच्या हुंड्या लिहून द्यायच्या, त्या तारणावर बँकांनी पैसे द्यायचे, त्यातून माल घाऊक घ्यायचा आणि दुकानदाराला वगळायचे, असा बेत होता. बँकांनी त्या हुंड्या घ्यायला नकार दिला. ९ जून १८८८ रोजी टेक्सासभर परगण्यांच्या न्यायालयांसमोर शेतकरी एक्सचेंज वाचवण्यासाठी जमले. ज्यांच्याकडे स्वतःचे घर चालवायला रोकड नव्हती, त्यांनी त्या दिवशी जमेल तितके पैसे दिले. तरीही पुढच्या वर्षी एक्सचेंज बंद पडले.

या अपयशातून मॅक्यून यांनी जे शिकून घेतले, ते १८८९ च्या डिसेंबरात सेंट लुइस येथे उपकोषागार योजना म्हणून मांडले. खाजगी बँका शेतकऱ्याला पत देणार नसतील तर सरकारने द्यावी, असा तिचा गाभा होता. भरपूर पीक येणाऱ्या परगण्यांत सरकारने गोदामे बांधायची. शेतकऱ्याने न नासणारा माल तिथे ठेवायचा. बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला १ टक्का व्याजाने सरकारी नोटांत उचलायची. आणि भाव सुधारल्यावर वर्षभराच्या आत माल विकून कर्ज फेडायचे. सुगीत सगळा माल एकदम बाजारात येतो, त्याच वेळी पैशाची टंचाई असते आणि म्हणून भाव कोसळतो, हे दुखणे या योजनेने नेमके ओळखले होते.

डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही जुन्या पक्षांनी ही योजना बाजूला सारली. १८९० मध्ये कॅन्ससमध्ये अलायन्सच्या शेतकऱ्यांनी काढलेल्या नव्या पक्षाने अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या राज्याच्या सात जागांपैकी पाच जिंकल्या. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे 'पीपल्स पार्टी'चा जाहीरनामा मंजूर झाला. त्यात उपकोषागार योजना होती, रेल्वे, तारयंत्र आणि टेलिफोन सरकारी मालकीचे करण्याची मागणी होती, चढत्या दराचा प्राप्तिकर, टपाल बचत बँका आणि चांदीची खुली नाणी, म्हणजे कुणीही आणलेल्या चांदीची टांकसाळीने नाणी पाडून द्यावीत, या मागण्या होत्या. त्याच वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते आणि निर्वाचक मंडळातली २२ मते मिळाली. चार वर्षांनी पक्षाने डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ब्रायन यांनाच आपले उमेदवार मानले आणि त्या पराभवातून तो पुन्हा उठला नाही.

शिकागोत ब्रायन बोलले ते १८९६ मध्ये. माझ्या मते चळवळीचा पाया त्याआधीच हलला होता. आपले मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद १ : नदीकाठ

लेख आवडला. चांदीबद्दल मात्र एक भर घालतो, कारण तिथे आपल्या इतिहासाचा धागा प्रत्यक्ष गुंतलेला आहे. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडीसाठी बंद केल्या. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी जगातल्या चांदीचे मोठे गिऱ्हाईक होत्या. ते गिऱ्हाईक एका दिवसात गेले आणि चांदीचा भाव जगभर कोसळला. चारच दिवसांनी, ३० जून रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चांदीखरेदीचा कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावल्याचे जाहीर केले, आणि १ नोव्हेंबरला तो कायदा रद्द झाला. अमेरिकेत त्या वर्षी आर्थिक अरिष्ट आधीच सुरू झाले होते. पण चांदीच्या प्रश्नाला जी धार आली, तिच्यात सिमल्यात घेतलेल्या निर्णयाचा वाटा होता.

हिंदुस्थान सरकारचे कारण वेगळे होते. रुपया चांदीचा आणि इंग्लंडला द्यायचा खर्च पौंडात, त्यामुळे चांदी उतरली की सरकारची देणी फुगत. इकडे कॅन्ससच्या शेतकऱ्याला चांदी हवी होती, कारण चलन वाढले की मालाचा भाव चढेल आणि गहाणाचे ओझे हलके होईल. रुपयाची किंमत चढी ठेवण्याचा भार हिंदुस्थानी रयतेवर पडला आणि सोन्याचा भार अमेरिकी शेतकऱ्यावर पडला.

म्हणूनच चांदीच्या मागणीला मी धागाकर्त्यांइतके दुय्यम मानत नाही. १८७३ मध्ये अमेरिकेने चांदीचा डॉलर पाडणे बंद केले, तेव्हापासून पुढची दोन दशके भाव उतरत गेले. ज्याने गहू बुशेलला डॉलरच्या आसपास असताना कर्ज काढले, त्याला १८९४ मध्ये तेच कर्ज अर्ध्या डॉलरच्या गव्हाने फेडायचे होते. त्याच्या हिशेबात कर्ज दुप्पट झाले होते.

प्रतिसाद २ : पेरणी

आमचा कापूस तालुक्याच्या बाजारात जातो, त्यामुळे धागा वाचताना उपकोषागार योजनेपाशी मी थबकले. आपल्याकडे कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन ठेवायची, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने उचलायची आणि भाव आला की विकायची. त्याच्या शंभर वर्षे आधी टेक्सासमध्ये कुणी जवळजवळ हाच आराखडा मांडला होता हे मला ठाऊक नव्हते.

माझा एक प्रश्न आहे. आम्ही दोन वेळा सोयाबीन तारण ठेवले तेव्हा माल आमचा होता, म्हणून ते जमले. ज्या कुळाचे पीक पेरण्यापूर्वीच दुकानदाराच्या नावावर चढलेले आहे, ते कूळ गोदामात काय ठेवणार? सुगी होताच दुकानदार माल उचलून नेईल आणि गोदामाची पावती त्याच्याच हाती पडेल. ही योजना स्वतःच्या जमिनीच्या शेतकऱ्यासाठी होती की सगळ्यांसाठी?

काळी जमीन :

पेरणी ताई, तुमचा प्रश्न योजनेच्या मर्मावरच आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला मॅक्यून यांच्या मांडणीत सापडलेले नाही. कुळाला तिचा लाभ आपोआप मिळाला नसता. समर्थकांची आशा अशी होती की स्वस्त सरकारी पत एकदा गावात आली की दुकानदाराची पकड सैल होईल आणि पुढच्या वर्षीची पेरणी शेतकरी रोखीने करील. पहिल्या वर्षीची बाकी कोण फेडणार, हे मात्र मोकळेच राहिले. विरोधकांनी योजनेला खुळचट ठरवताना या खऱ्या उणिवेकडे पाहिले नाही. त्यांचा आक्षेप सरकारने शेतकऱ्याला पैसे द्यावेत यालाच होता.

नदीकाठ यांच्या भरीबद्दल आभार. चांदी महत्त्वाची नव्हती असे मी म्हणत नाही. खुल्या चांदीने भाव कदाचित चढले असते, पण दुकानाच्या वहीतले दोन भाव तसेच राहिले असते. शिवाय चांदीच्या मागणीमागे पश्चिमेकडील खाणमालकांचा पैसा उभा होता आणि त्यांना गोदामांशी किंवा रेल्वेच्या मालकीशी कर्तव्य नव्हते.

प्रतिसाद ३ : साक्षीभाव

धागाकर्त्यांच्या तळमळीबद्दल आदर ठेवूनच लिहितो की वर्णभेदाबद्दल मूळ लेखात एकच वाक्य आहे आणि ते पुरेसे नाही. 'फार्मर्स अलायन्स'च्या दक्षिणेतल्या शाखांत काळ्या शेतकऱ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून १८८६ मध्ये टेक्सासच्या ह्यूस्टन परगण्यात त्यांची वेगळी 'कलर्ड फार्मर्स अलायन्स' स्थापन झाली, आणि तिचा प्रमुखही आर. एम. हम्फ्री हा गोरा धर्मोपदेशक होता. पुढे तिने बारा लाख सभासदांचा दावा केला.

सप्टेंबर १८९१ मध्ये या संघटनेने कापूसवेचणीची मजुरी वाढवून मागण्यासाठी संप पुकारला. बहुतेक ठिकाणी तो उभाच राहिला नाही. आर्कान्सॉच्या ली परगण्यात बेन पॅटरसन यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला आणि हत्यारबंद टोळीने तो चिरडला. सुमारे पंधरा मजूर मारले गेले. गोऱ्या अलायन्सचे राष्ट्रीय अध्यक्ष लिओनिडास पोक यांनी या संपाला विरोध केला होता. कापूस शेतात राहिला तरी चालेल, पण शंभर पौंडांमागे पन्नास सेंटांहून जास्त मजुरी देऊ नका, असे त्यांचे सांगणे होते. दुकानदाराविरुद्ध एकत्र येणारे दोन शेतकरी वेचणीच्या दिवसांत मालक आणि मजूर म्हणून समोरासमोर उभे ठाकत होते. माझ्या मते चळवळ इथे मोडली, १८९६ च्या पाच वर्षे आधी.

प्रतिसाद ४ : उंबरठा

साक्षीभाव यांचे म्हणणे खरे आहे, तरी त्याच काळातली दुसरी बाजू नोंदवली नाही तर चित्र अपुरे राहील. जॉर्जियातले पीपल्स पार्टीचे उमेदवार टॉम वॉटसन यांनी १८९२ मध्ये गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना उघडपणे सांगितले की तुम्हाला एकमेकांपासून दूर ठेवले जाते ते दोघांनाही वेगवेगळे लुटता यावे म्हणून. त्या काळच्या जॉर्जियात हे बोलणे जिवावर बेतणारे होते. त्यांच्यासाठी सभा घेणारे काळे धर्मोपदेशक एच. एस. डॉइल यांच्या जिवाला धोका उत्पन्न झाला, तेव्हा ते वॉटसन यांच्या घरी आश्रयाला आले आणि त्यांच्या रक्षणासाठी गोरे शेतकरी रात्रीच्या रात्री घोडे दामटत आले. एका काळ्या माणसासाठी हत्यारे घेऊन पहारा देणारे गोरे शेतकरी, हे दृश्य त्या राज्यात कुणी पाहिलेले नव्हते.

त्या निवडणुकीत वॉटसन हरवले गेले, असेच म्हणावे लागेल. ऑगस्टा शहरात नोंदलेल्या मतदारांपेक्षा अधिक मते मोजली गेली. काळ्या मतदारांना धाकदपटशाने किंवा दारू पाजून डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने नेले गेले आणि मग त्याच पक्षाने गोऱ्यांना सांगितले की पॉप्युलिस्ट, म्हणजे पीपल्स पार्टीचे, लोक काळ्यांचे राज्य आणतील.

याच वॉटसन यांच्या उत्तरायुष्याबद्दल लिहिताना मला फार वाईट वाटते. पराभवानंतर काही वर्षांनी ते काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याचे पुरस्कर्ते झाले, कॅथलिक आणि ज्यू यांच्याविरुद्ध विखारी लिहू लागले, आणि १९१५ मध्ये लिओ फ्रँक या ज्यू व्यवस्थापकाला जमावाने फाशी दिले त्यामागे त्यांच्या लेखनाने पेटवलेला द्वेष होता. १९२० मध्ये ते सिनेटवर निवडून आले. एकाच माणसाच्या हयातीत हा एवढा फरक पडला.

प्रतिसाद ५ : बारदान

मी तागाच्या व्यापारात पंचवीस वर्षे काढली आहेत, म्हणून धाग्यात न आलेली एक लढाई सांगतो. अमेरिकेत कापसाच्या गाठी तागाच्या बारदानात बांधल्या जात आणि तो ताग बंगालमधून जाई. १८८८ च्या उन्हाळ्यात तिथल्या बारदान बनवणाऱ्या कारखानदारांनी आपसांत संगनमत करून भाव यार्डाला सुमारे सात सेंटांवरून अकराच्या वर नेला. गाठी बांधायची वेळ जवळ आलेली, म्हणजे शेतकऱ्याने घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

अलायन्सने बहिष्कार पुकारला आणि तागाऐवजी कापसाच्याच जाड कापडात गाठी बांधायचे ठरवले. १८८९ मध्ये अटलांटा येथील मेळाव्यात दोन जोडप्यांनी त्याच बारदानी कापडाचे कपडे घालून लग्न लावले. व्यवहारात मात्र एक अडचण होती, जी गाठ हाताळणाऱ्यालाच कळेल. लिव्हरपूलच्या बाजारात बारदानाचे वजन म्हणून ठरावीक टक्के कापले जात आणि ती कपात जड तागाच्या हिशेबाने होती. कापडी बारदान हलके असल्याने तितकेच टक्के कापले गेले की शेतकऱ्याचा खरा कापूस वजनातून जाई. ही तूट सोसूनही त्यांनी बहिष्कार चालवला आणि कारखानदारांना भाव खाली आणावा लागला. अलायन्सचा हा एक निखळ विजय होता आणि तो मतपेटीविना मिळाला होता.

प्रतिसाद ६ : पेरणी

कडता कापण्याच्या नावाखाली वजन मारण्याची रीत आमच्याकडे आम्ही सोसलेली आहे, म्हणून बारदान यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

काळी जमीन यांना आणखी एक विचारते. कॅन्ससमधले शेतकरी बहुतेक स्वतःच्या जमिनीचे होते आणि गहू-मका पिकवत होते. त्यांचे दुखणे दक्षिणेसारखेच होते का? आणि त्या चळवळीत बायका होत्या का?

काळी जमीन :

दुखणे वेगळे होते. कॅन्ससमध्ये गहाणखत, रेल्वेचे भाडे आणि धान्याच्या कोठारांची मक्तेदारी या तीन गोष्टी होत्या. १८८० च्या दशकात पाऊस चांगला झाला, जमिनीचे भाव फुगले आणि पूर्वेकडच्या पैशावर गहाणे झाली. १८८७ पासून अवर्षण सुरू झाले. मक्याला इतका कमी भाव आला की काही ठिकाणी कोळशाऐवजी मका चुलीत घालणे परवडत होते. राज्याच्या पश्चिम भागातून हजारो कुटुंबे जमिनी सोडून गाड्या घेऊन परत फिरली.

बायका होत्या, आणि ठळकपणे होत्या. अलायन्समध्ये त्यांना सभासद होता येत होते, जेव्हा अमेरिकेत बहुतेक ठिकाणी त्यांना मताचा अधिकारही नव्हता. मेरी एलिझाबेथ लीज या आयरिश वंशाच्या बाई संसार सांभाळून कायदा शिकल्या आणि १८९० च्या प्रचारात त्यांनी कॅन्ससभर सभा गाजवल्या. ॲनी डिग्ज यांनी पत्रकारितेतून आणि संघटनेच्या कामातून तेवढेच मोठे योगदान दिले. त्या सभा म्हणजे दिवसभराच्या सहली असत: मैलभर लांब गाड्यांची रांग, बरोबर शिदोरी, बॅण्ड, मुलाबाळांसह सगळे गाव.

याच राज्यात सत्तेवर आल्यावर काय झाले तेही लिहिले पाहिजे. जानेवारी १८९३ मध्ये राज्याच्या कनिष्ठ सभागृहात बहुमत कोणाचे यावर वाद झाला आणि राजधानी टोपीका येथे एकाच दालनात दोन सभापती, दोन सभागृहे बसू लागली. फेब्रुवारीत रिपब्लिकन सदस्यांनी घणाने दरवाजा फोडून दालन ताब्यात घेतले. राज्यपाल ल्यूएलिंग यांनी रक्तपात टाळण्यासाठी तडजोड स्वीकारली आणि नंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रिपब्लिकनांच्या बाजूने दिला. ज्या अधिवेशनात गहाणाचे आणि रेल्वेचे कायदे व्हायचे, त्याचे मोलाचे दिवस दालनाचा ताबा कोणाचा यातच गेले. माझ्या मते पॉप्युलिस्ट पक्षाला राज्यकारभाराचा अनुभव मिळण्याआधीच त्याची उमेद इथे खचली.

साक्षीभाव यांचा आक्षेप मी मान्य करतो. मूळ लेखात मी काळ्या शेतकऱ्याला एका वाक्यात गुंडाळले, ही माझी चूक आहे.

प्रतिसाद ७ : नदीकाठ

१८९६ च्या अधिवेशनाबद्दल कुणी सविस्तर लिहिलेले नाही. मला तिथल्या घडामोडींचा क्रम महत्त्वाचा वाटतो. डेमोक्रॅटिक पक्षाने जुलैच्या आरंभी शिकागोत खुल्या चांदीचा पुरस्कार करून ३६ वर्षांच्या ब्रायन यांना उभे केले. उपाध्यक्षपदासाठी त्यांनी आर्थर सूअल यांना निवडले, जे मेन राज्यातले जहाजबांधणी करणारे आणि बँकेचे अध्यक्ष होते. पॉप्युलिस्टांचे अधिवेशन मुद्दाम त्यानंतर, २२ जुलैपासून सेंट लुइस येथे ठेवलेले होते. चांदीचा पुरस्कार दोन्ही जुने पक्ष करणार नाहीत आणि नाराज लोक आपल्याकडे येतील, असा नेत्यांचा होरा होता. तो साफ चुकला.

टेक्सासचे प्रतिनिधी ब्रायन यांना विरोध करत होते. त्यांना शांत करण्यासाठी नेहमीचा क्रम उलटून उपाध्यक्षपदाचा उमेदवार आधी निवडला गेला आणि सूअल यांच्याऐवजी वॉटसन यांचे नाव ठरले. त्याच रात्री सभागृहातले दिवे गेले, आणि ते मुद्दाम घालवले असा संशय पुष्कळांच्या मनात राहिला. सूअल नसतील तर आपले नाव मागे घ्यावे अशी ब्रायन यांची तार अध्यक्षस्थानी असलेल्या सिनेटर ॲलन यांच्याकडे होती. ती त्यांनी प्रतिनिधींसमोर येऊ दिली नाही आणि दुसऱ्या दिवशी ब्रायन निवडले गेले. नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली यांना २७१ आणि ब्रायन यांना १७६ निर्वाचक मते मिळाली. रिपब्लिकन पक्षाने त्या प्रचारात सुमारे ३५ लाख डॉलर खर्च केले होते.

प्रतिसाद ८ : साक्षीभाव

नॉर्थ कॅरोलिनाचा उल्लेख झाल्याशिवाय अस्ताची कहाणी पुरी होत नाही. तिथे पॉप्युलिस्टांनी डेमोक्रॅटिक पक्षाशी हातमिळवणी केली नाही. त्यांनी १८९४ मध्ये रिपब्लिकनांशी, म्हणजे काळ्या मतदारांच्या पक्षाशी, युती केली आणि विधिमंडळ जिंकले. मतदानाचे कायदे निकोप केले, व्याजदरावर मर्यादा घातली, शाळांवरचा खर्च वाढवला. सहकार आणि वर्ण या दोन्ही कसोट्यांवर काही काळ तरी टिकलेला हा प्रयोग होता.

त्याचा शेवट मतांनी झाला नाही. १८९८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने वर्णवर्चस्वाचा उघड प्रचार केला आणि लाल सदरे घातलेल्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरल्या. १० नोव्हेंबर रोजी विल्मिंग्टन शहरात जमावाने काळ्यांच्या वृत्तपत्राची कचेरी जाळली, अनेक काळ्या नागरिकांना ठार केले आणि लोकनियुक्त नगरशासन बंदुकीच्या धाकाने घालवून दिले. १९०० मध्ये राज्यघटना दुरुस्त करून साक्षरतेची अट आणि मतकर लादला गेला. अशा अटींनी दक्षिणेत काळ्यांचा मताधिकार संपला आणि गरीब गोऱ्या शेतकऱ्यांपैकीही पुष्कळांचा गेला. पॉप्युलिस्ट पक्षाला मत देणारा वर्ग मतदारयादीतूनच पुसला गेला.

काळी जमीन :

हा प्रतिसाद वाचून माझ्या मूळ निष्कर्षात मी बदल करतो. चांदीने चळवळ पोकळ केली हे मी अजूनही मानतो, पण ती संपवली मतदारयादीने. १८९७ नंतर कॅनडातल्या क्लोंडाइक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्यामुळे चलन वाढले, भाव सुधारले आणि तक्रारीची धार बोथट झाली, हेही त्यात जोडावे लागेल.

मागण्यांचे पुढे काय झाले असे दोघांनी निरोप पाठवून विचारले आहे. टपाल बचत बँका १९१० मध्ये आल्या. प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक १९१३ च्या घटनादुरुस्त्यांनी आली. १९१६ मध्ये गोदाम कायदा आणि शेतीकर्जाचा कायदा झाला. १९३३ मध्ये, कापूस पुन्हा मातीमोल झालेला असताना, रूझवेल्ट सरकारने 'कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन' स्थापन करून साठवलेल्या कापसावर पौंडाला दहा सेंट याप्रमाणे कर्ज द्यायला सुरुवात केली. तेव्हा मॅक्यून टेक्सासमध्ये हयात होते, वय ८२. १८९२ नंतर ते चळवळीतून बाजूला झाले होते आणि पुढे त्यांनी मेथडिस्ट धर्मोपदेशक म्हणून काम केले. चळवळीच्या आठवणी त्यांनी १९२० मध्ये टंकलिखित करून टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवल्या. ऑस्टिन माझ्या घरापासून गाडीने तीन तासांवर आहे. पुढच्या महिन्यात तिथे जाऊन ते टंकलिखित पाहणार आहे, आणि पेरणी ताईंचा कुळांच्या पिकाबद्दलचा प्रश्न सोबत घेऊन जाणार आहे. त्यात काही सापडले तर याच धाग्यावर लिहीन.